आलेखाच्या कागदावरचे सहा ठिपके

२६ जानेवारी २०१० ला झेंडावंदनानंतर शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मुलांना सांगण्याआधी आपण रक्त द्यावं म्हणून यादीत पहिलं नाव माझं होतं. तीन आठवड्यांनी रक्तपेढीकडून बंद पाकीट आलं. आत दोनच ओळी होत्या : आपल्या रक्ततपासणीसंदर्भात प्रत्यक्ष येऊन भेटावे. गेलो. तिथल्या ताईंनी आधी दार लोटून घेतलं, मग सांगितलं की एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे हिपॅटायटिस बी.

परतताना सगळा वेळ आई डोळ्यांसमोर होती. १९९९ साली ती गेली तेव्हा ४७ वर्षांची होती. ‘पोटात पाणी झालं’ एवढंच आम्हाला माहीत. गावात सगळे पांढरी कावीळ म्हणायचे. झाडपाला झाला, पथ्य झालं, तपासणी अशी कधी झालीच नाही. उजव्या बरगडीखाली तिच्या हाताला काहीतरी टणक लागायचं. माझा हात धरून ती तिथे ठेवायची आणि विचारायची, ‘हे काय रं हाय?’ मला उत्तर माहीत नव्हतं.

हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडे येऊ शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो हुसकावून लावतं, शंभरात पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मताच लागण झाली तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्काम करतो. म्हणजे मी ३६ वर्षं तो बरोबर घेऊन फिरत होतो. त्याच आठवड्यात पत्नीची आणि दोन्ही मुलांची तपासणी केली. तिघंही निगेटिव्ह आले. पत्नीला आणि मुलांना लशीचे तीन डोस दिले : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. हे काम लगेच केलं याचं आजही समाधान आहे.

माझ्याबाबतीत मात्र चार वर्षं वाया गेली. मी ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं ते म्हणाले, ‘तुम्ही नुसते कॅरियर आहात, काही करायची गरज नाही.’ मलाही तेच ऐकायचं होतं. २०१४ च्या पावसाळ्यात ताप आला, तो गेला तरी प्लेटलेट वर येईनात, दीड लाखाच्या खालीच राहिल्या. तापावर उपचार करणाऱ्या फिजिशियनने जुना रक्तपेढीचा कागद बघितला आणि पुण्याच्या लिव्हरतज्ज्ञ मॅडमकडे चिठ्ठी दिली. तिथे फायब्रोस्कॅन झाला. यकृताचा ताठरपणा १३.८ किलोपास्कल, म्हणजे यकृतावर वण पडून ते सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत आक्रसून निबर होण्याच्या, दाराशी पोचलेलं. रक्तात विषाणूचा डीएनए ४,२०,००० युनिट.

मॅडमनी त्या दिवशी पाऊण तास दिला. तैवानमधला एक अभ्यास त्यांनी सांगितला, २००६ साली प्रसिद्ध झालेला. ३,६५३ जणांवर तिथे अकरा वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं गेलं. रक्तात विषाणू जितका जास्त, तितकं पुढे लिव्हर कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त, अशी चढती पायरी त्यात दिसली. यकृताची एन्झाइम्स नॉर्मल असलेल्यांतही ती दिसली. म्हणजे विषाणूचं प्रमाण हाच पुढच्या धोक्याचा एक खुणेचा दगड. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅमची गोळी त्याच दिवशी सुरू झाली, रोज एक, मनाने कधीही बंद करायची नाही. तेव्हा महिन्याला हजार-बाराशे रुपये लागायचे. २०१८ च्या २८ जुलैला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात ही गोळी मोफत मिळते, हे मला कळायला २०२१ उजाडलं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हिपॅटायटिसचं उपचार केंद्र आहे का, ते आधी विचारा. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट घेऊन जा.

दीड वर्षात विषाणू रक्तात सापडेनासा झाला. फायब्रोस्कॅन हळूहळू ८.१ वर उतरला. मी पेढे वाटले होते. तेव्हाच मॅडमनी सांगितलं, ‘सर, विषाणू रक्तातून गेला, यकृतातून नाही.’ हिपॅटायटिस बीचा विषाणू आपल्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशींच्या डीएनएमध्ये शिवून ठेवतो. जुन्या गोधडीला ठिगळ लावावं तसं. गोळीने नवीन विषाणू तयार होणं थांबतं, शिवलेलं ठिगळ निघत नाही. ठिगळ चुकीच्या जागी, म्हणजे पेशीच्या वाढीचा लगाम जिथे असतो तिथे बसलं, तर पेशी बेलगाम वाढू लागते. म्हणून गोळीने धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो तोही याच कारणाने.

तेव्हापासून दर जानेवारीत आणि जुलैत माझी वारी ठरलेली. कऱ्हाडहून पहाटे पाचची एसटी, साडेआठला स्वारगेट, उपाशीपोटी सोनोग्राफी, मग रक्त. सहा महिनेच का, असं मी विचारलं होतं. या गाठी साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होतात, म्हणून वर्षाने बघणं उशिराचं ठरतं. शांघायमध्ये १८,८१६ हिपॅटायटिसग्रस्त लोकांवर झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी केलेल्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. लॉकडाऊनमध्ये दोन वाऱ्या चुकल्या तेव्हा तो आकडा सारखा टोचत राहिला.

एएफपी म्हणजे अल्फा फिटोप्रोटीन. आईच्या पोटात असताना बाळाचं यकृत हे प्रथिन भरपूर तयार करतं. जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं. यकृताच्या कॅन्सरपेशींना जणू तो जुना धडा पुन्हा आठवतो आणि रक्तात एएफपी वाढू लागतं. १९६० च्या दशकात रशियन संशोधकांनी हे आधी उंदरांत, मग माणसांत दाखवलं. साठ वर्षांनंतरही तीच तपासणी पहिली केली जाते. तिच्या मर्यादाही तितक्याच जुन्या आहेत. यकृताला सूज आली तरी एएफपी वाढतं, गरोदरपणात वाढतं, आणि लहान गाठींपैकी बऱ्याच एएफपी वाढवतच नाहीत. नुसत्या सोनोग्राफीने सिरॉसिसच्या रुग्णांतल्या सुरुवातीच्या गाठींपैकी ४५ टक्के सापडतात, सोबत एएफपी केलं तर ६३ टक्के. दोन्ही करूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गाठी निसटतात.

२०२३ च्या मे महिन्यात मला पन्नास पूर्ण झाली. जुलैच्या भेटीत मॅडमनी कागदावर बेरीज मांडली. लिव्हर कॅन्सरचा धोका मोजणारा पेज-बी नावाचा एक गुणांक आहे, युरोपातल्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णांवरून काढलेला. त्यात फक्त वय, स्त्री की पुरुष आणि प्लेटलेट. वय पन्नास ते एकोणसाठ म्हणून ६, पुरुष म्हणून ६, प्लेटलेट १ लाख ५८ हजार म्हणून ६. बेरीज १८. नऊपर्यंत धोका कमी, सतरापर्यंत मध्यम, अठरापासून जास्त. आदल्या वर्षी याच आकड्यांची बेरीज १६ होती. एका वाढदिवसाने मी रेषेपलीकडे गेलो होतो. आयुष्यभर मुलांच्या बेरजा तपासल्या, पण इतकी साधी बेरीज इतकी जड वाटली नव्हती.

आता २०२५.

११ जानेवारी, शनिवार. सोनोग्राफीचे १,२०० रुपये, एएफपीचे ७५०. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी बराच वेळ कुशीवर वळवून, श्वास धरायला लावून बघितलं. रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलं : गाठ आढळली नाही. १३ तारखेला मोबाइलवर एएफपी आला : ८.७ नॅनोग्रॅम. त्या लॅबची नॉर्मल मर्यादा १०. आकड्यापुढे फुली नव्हती, ठळक अक्षर नव्हतं. पत्नीने विचारलं, ‘काय आलं हो?’ मी म्हणालो, नॉर्मल. दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळगूळ वाटला.

शेंगदाण्याबद्दल इथेच सांगून टाकतो. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात ते लिव्हर कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढवतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. आमच्या घरात कुबट वासाचे, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकतात, कूट करून वापरत नाहीत. आई मात्र पावसाळ्यात भिजलेल्या पोत्यातल्या शेंगाही वाया जाऊ द्यायची नाही. गरिबीच तशी होती.

१८ जानेवारीला मॅडमची वेळ होती. माझी फाइल जाड आहे. २०१४ पासूनचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावलेला. मॅडमनी ताजा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मागची पानं उलटायला लागल्या. मग मला म्हणाल्या, ‘सर, तुम्ही गणिताचे ना? हे आकडे जरा सांगा बघू.’ मी वाचले. जुलै २०२२ : २.९. जानेवारी २०२३ : ३.१. जुलै : ३.०. जानेवारी २०२४ : ४.४. जुलै : ६.२. आणि आता ८.७. वाचता वाचताच माझा आवाज बसला. चौथ्या आकड्यापासून काय चाललंय ते दहावीतल्या पोरालाही कळलं असतं. प्रत्येक वेळी मी फक्त मर्यादा बघत होतो, रेषा कधी काढलीच नव्हती.

विषाणू रक्तात नव्हता. एसजीपीटी २४, म्हणजे सूज नव्हती. मग एएफपी चढायला दुसरं कारण काय? मॅडमनी सोनोग्राफीचा रिपोर्टही पुन्हा वाचला. ‘गाठ आढळली नाही’च्या वरच्या ओळीत लिहिलं होतं की गॅस आणि फुप्फुसाच्या सावलीमुळे यकृताचा डायाफ्रामलगतचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याजवळचा, वरचा भाग नीट दिसला नाही. ती ओळ मी वाचलीच नव्हती. तुम्ही तुमच्या रिपोर्टमध्ये ती जरूर शोधा. न दिसणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच दिवशी पिव्का-टूसाठी रक्त दिलं. २,९०० रुपये. आमच्या कऱ्हाडच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर नमुना घेऊन पुढे पाठवतात. यकृत रक्त गोठवणारं प्रोथ्रोम्बिन तयार करतं, त्याला शेवटचा हात व्हिटॅमिन-के लावतं. कॅन्सरपेशींत हे शेवटचं काम अर्धवट राहतं आणि अपुरं प्रोथ्रोम्बिन रक्तात उतरतं. तेच पिव्का-टू. जपानमध्ये एएफपीच्या जोडीने ते अनेक वर्षं वापरात आहे. रक्त देण्याआधी मॅडमनी तीन गोष्टी विचारल्या : रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी गोळी चालू आहे का, हल्ली अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला का, सध्या पित्ताची वाट अडून कावीळ आहे का. या तिन्हींत व्हिटॅमिन-के कमी पडून आकडा खोटाच वाढू शकतो. माझ्याबाबतीत तसं काही नव्हतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही लॅबला सांगा, काही यंत्रांवरच्या तपासण्यांत त्याने गडबड होते.

एकाच तपासणीत सगळं कळेल असं काही नाही का, असं मी विचारलं. त्यांनी गॅलॅड नावाच्या सूत्राबद्दल सांगितलं. त्यात वय, लिंग, एएफपी, पिव्का आणि एएफपीचाच एल-थ्री नावाचा एक प्रकार अशा पाच गोष्टी एकत्र गुंफतात. एकेकट्या आकड्यापेक्षा ते जास्त गाठी पकडतं. रक्तात तरंगणाऱ्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून गाठ ओळखण्याचंही काम चालू आहे. ‘पण सर, रक्त फक्त शंका देतं. गाठ कुठे आहे ते चित्रातच बघावं लागतं.’

चार दिवस. २२ जानेवारीला बुधवारी, आठवीचा तास चालू असताना मोबाइल थरथरला. मधल्या सुट्टीपर्यंत बघितला नाही. पिव्का-टू ११८. मर्यादा ४०. स्टाफरूममध्ये बसून मी कपाटातला आलेख कागद काढला आणि एएफपीचे सहा ठिपके जोडले. रेषा पहिली तीन घरं आडवी होती, मग चढत गेली. त्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. घरी त्या रात्री बोललो नाही. हे चुकलं. दुसऱ्या दिवशी पत्नीने शर्ट धुवायला घेताना खिशातून तो कागद काढला, पाहिला आणि विचारलं, ‘अहो, हे कुणाचं?’ मग सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘आता तारखा मी लिहिणार.’ पुढच्या सगळ्या तारखा तिच्याच अक्षरात आहेत.

एमआरआयला ३० जानेवारीची तारीख मिळाली. आधी क्रिएटिनिन लागतं, कारण शिरेतून रंगद्रव्य देतात आणि मूत्रपिंड बरं आहे की नाही ते बघावं लागतं. टेनोफोविर चालू असणाऱ्यांनी तसंही ते वेळोवेळी करायचंच असतं. रिपोर्ट हातात नसेल तर परत पाठवतात, माझ्यासमोर एका आजोबांना पाठवलं. लिव्हरसाठीच्या खास रंगद्रव्यासह १४,५०० रुपये लागले. पाऊण तास आत. ‘श्वास घ्या, सोडा, धरा’ असं सतत सांगतात, आणि सोडून धरलेला श्वास पंधरा-वीस सेकंद टिकवावा लागतो. हलला तर चित्र पुसट येतं. मी आधी आठ दिवस घरी घड्याळ लावून सराव केला होता, त्याचा फार उपयोग झाला.

१ फेब्रुवारीला रिपोर्ट. यकृताच्या आठव्या भागात, डायाफ्रामला खेटून, १७ मिलिमीटरची गाठ. सोनोग्राफीला न दिसलेल्या त्याच कोपऱ्यात. शेवटी लिहिलेलं : एलआर-५.

एलआर-५ चा अर्थ मॅडमनी चित्र काढून समजावला. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. पाऊण भाग पोर्टल शिरेतून, पाव भाग धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणून रंगद्रव्य धमनीत पोचतं त्या क्षणी गाठ उजळते आणि थोड्या वेळाने, बाकीचं यकृत उजळलेलं असताना, ती काळपट दिसते. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात ही दोन लक्षणं एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत एकत्र दिसली, तर लिव्हर कॅन्सरचं निदान पक्कं, म्हणजेच एलआर-५, मानतात, तुकडा काढून तपासावा लागत नाही. मला सुईचीच धास्ती होती. ती टळली, पण शंकेलाही जागा उरली नाही.

त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा आईच्या त्या टणक गोळ्याबद्दल बोललो. मॅडम म्हणाल्या, ‘हाताला लागण्याएवढा असेल तर खूप मोठा असणार. तुमचा १७ मिलिमीटर आहे, सर.’ पत्नीने वहीत १७ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

पुढे लिव्हरतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवलं. गाठ एकच, दोन सेंटिमीटरच्या आत, यकृताचं काम चांगलं, म्हणजे अगदी पहिली पायरी. शस्त्रक्रियेने तो भाग काढणं किंवा मायक्रोवेव्हने गाठ जाळणं, दोन्ही शक्य होतं. जाळायचं ठरलं. शब्द ऐकून पत्नी दचकली होती. बाहेरून एक बारीक सुई गाठीत नेतात आणि तिच्या टोकाशी उष्णता देतात, पोट उघडत नाहीत.

तोपर्यंत कागदांचं काम. अंदाजपत्रक २,३८,००० रुपयांचं होतं. माझ्या खासगी विम्याने ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून नकार दिला. पॉलिसी घेताना हिपॅटायटिस बी लिहिला होता का, हे त्यांनी पहिल्या फोनलाच विचारलं. मी लिहिला होता, पण प्रतीक्षा कालावधी संपायला पाच महिने बाकी होते. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, पण आधी स्वतः भरावं लागतं. सोसायटीचं कर्ज आणि मेहुण्यांकडून उसने असं करून पैसे उभे केले. मुख्याध्यापकांचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, औषधांच्या प्रत्येक पावतीवर सही-शिक्का आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी लागली. माझा प्रस्ताव दोनदा परत आला. पहिल्यांदा एका मेडिकलच्या बिलावर रुग्णाचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात पुसट उमटला होता. मूळ बिलं देण्याआधी सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, आवक क्रमांक लिहून घ्या. नोव्हेंबरात १,६४,००० रुपये जमा झाले. तोपर्यंत व्याज भरत राहिलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या दिवसांत शाळेत नव्हतो. पूर्ण भूल दिली. गाठ डायाफ्रामलगत असल्याने पोटात थोडं द्रव सोडून डायाफ्राम बाजूला सारला, मग सीटी स्कॅनवर बघत सुई नेली. मला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. पोटात काही केलं आणि खांदा का दुखतो, म्हणून मी घाबरलो. नर्स ताईंनी सांगितलं की डायाफ्रामची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून दुखणं तिथे जाणवतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक भीती वाचली असती. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. शेजारच्या खाटेवरच्या काकूंच्या डब्यातली खिचडी मला चालणार नव्हती, पण त्यांनी विचारलं याचंच बरं वाटलं. २७ ला घरी. चार दिवस १०० च्या आसपास ताप राहिला. तोही अपेक्षितच असतो. थंडी वाजून ताप आला किंवा तो १०१ च्या वर गेला तर मात्र लगेच फोन करा, असं बजावलं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, पुन्हा एमआरआय. गाठीच्या जागी काळी, रक्त न जाणारी पोकळी दिसली. कडेने काही उरलेलं नव्हतं. पिव्का-टू २१. एएफपी २.८. तो सातवा ठिपका मी कागदावर मांडला, पण रेषेने जोडला नाही. ती आता वेगळी रेषा आहे.

गाठ गेली तरी ती जिथे उगवली ते यकृत तेच आहे. दुसरी गाठ येण्याचा धोका बराच असतो, हे मॅडमनी लपवलं नाही. म्हणून आता दर तीन महिन्यांनी एएफपी, पिव्का-टू आणि आलटून-पालटून सीटी किंवा एमआरआय. रक्त त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर, कारण लॅब बदलली की आकडा थोडा बदलतो आणि मग चढ खरा की यंत्राचा ते कळत नाही. जूनमध्ये एएफपी ३.०, पिव्का १९. सप्टेंबरात २.७ आणि २३. पिव्का चारने वाढला म्हणून मी दोन रात्री झोपलो नाही. एवढा फरक तपासणीतच येतो, असं मॅडम म्हणाल्या.

धाकट्या भावाबद्दल लिहायचं राहिलं. आम्ही एकाच आईची मुलं. २०१० पासून मी त्याला सांगत होतो, आणि तो दर वेळी म्हणायचा, ‘दादा, मला काय बी होत नाही.’ मी कधी जास्त रेटलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, घरात ‘पांढरी कावीळ’ आहे हे बाहेर जाऊ नये असं त्याला वाटायचं. मला ते समजत होतं. एप्रिलमध्ये तो भेटायला आला तेव्हा मी त्याच्यापुढे आलेखाचा तो कागद ठेवला. त्याने बोटाने रेषा वरपर्यंत नेली. म्हणाला, ‘आईची रेषा कुणी काढलीच नाही.’ जूनमध्ये तो जिल्हा रुग्णालयात गेला. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. तपासणीला पैसे लागले नाहीत. वय ४५, पेज-बी १०. फायब्रोस्कॅन ६.४, म्हणजे यकृत अजून मऊ आहे. विषाणूचं प्रमाण बघून त्याची गोळी ऑगस्टमध्ये सुरू झाली, मोफत. त्याची मुलं २०११ च्या आधी जन्मलेली, म्हणजे बाळाच्या नेहमीच्या लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर लागू होण्याआधीची. दोघांचीही तपासणी झाली, निगेटिव्ह. दुसरा डोस झाला आहे.

१३ डिसेंबरची माझी भेट झाली. एएफपी २.९, पिव्का २०, सीटी स्वच्छ. पुढची तारीख १४ मार्च २०२६, शनिवार. भावाची सोनोग्राफीही मॅडमनी त्याच दिवशी ठेवली आहे. पत्नीने पहाटे पाचच्या एसटीची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत, आणि वहीत त्याच्यासाठी वेगळं पान घातलं आहे. त्यावर सध्या एकच ठिपका आहे : ३.४.